दूताला तहान लागलेली असते

"मामा, ह्या म्हाताऱ्याचं मराठी करून दाखवा की," भाचा म्हणाला आणि त्याने गेम चालू असलेला लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर एक शेतकरी उभा होता. पाठीमागे वाऱ्यावर हलणारं गव्हाचं शेत, एकेक लोंबी वेगळी दिसावी असं. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात. तो बोलू लागला आणि त्याच्या इंग्रजीमागोमाग मी मराठी म्हणत गेलो. "हे वीरा, बरं झालं आलास! मी ह्या गावचा शेतकरी. चाळीस वर्षं इथे शेती करतो. तीन रात्रींपूर्वी उत्तरेच्या डोंगरातल्या राक्षसांनी माझी मुलगी पळवून नेली. ती काळ्या गुहेत कैदेत आहे. गुहेचं तोंड पडक्या देवळाच्या मागे आहे. तिला सोडवून आणलंस तर पन्नास सुवर्णमुद्रा देईन."

इंग्रजीत ऐकताना भाच्याला काही वावगं वाटलं नव्हतं. मराठीत ऐकल्यावर तो फिस्सकन हसला. इंग्रजीतल्या असल्या वाक्यांना आपले कान सरावलेत. मराठी वाक्य आलं की ते आपल्या चुलत्याच्या, शेजाऱ्याच्या तोंडात बसतंय का, हे कान न सांगता तपासून बघतात. ज्याची मुलगी पळवून नेलीय तो बाप आधी ओळख सांगतो, मग कामाचा अनुभव, मग पत्ता, मग मोबदला. नोकरीला अर्ज केल्यासारखा.

"हा बाप न्हवं रे, एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी हाय," मी म्हणालो. म्हणालो आणि वाटलं, खिडकीतला माणूस निदान वैतागलेला तरी असतो.

गेमचं नाव सांगत नाही. भाच्याने खर्चातून पैसे वाचवून घेतलाय आणि त्याचा त्याच्यावर जीव आहे. दिसायला तर असा देखणा की पानावरून थेंब ओघळताना बघत बसावं. भाचा इथे सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, गावभागातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहतो. त्या जुलैत पावसाने असा मुक्काम ठोकला होता की कॉलेज, मार्केट यार्ड, सगळंच ढिलं पडलेलं. त्यामुळे आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्या राज्यात हिंडायचो. तो खेळायचा आणि मी शेजारी भडंगाची ताटली घेऊन दुभाषाचं काम करायचो. आठवडाभरात लोहार, राणी, जादूगार, भिकारी, मरणाच्या दारातला सेनापती, सगळ्यांचं मराठी करून झालं. सगळे एकाच आवाजात बोलत होते. प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं आणि प्रत्येकजण ते लगेच सांगून मोकळा होत होता.

तेव्हा मला आमचे आजोबा आठवले.

आजोबा हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते. सांगलीत हे सांगायला संकोच वाटू नये, इथे दर चौथ्या घरात कुणीतरी तोंडाला रंग लावलेला असतो. त्यांनी मात्र कधी लावला नाही. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात लाल पेन्सिल. वहीत जिथे नट हमखास अडखळतो तिथे एक लाल टिंब. जिथे मुद्दाम थांबायचंय तिथे दोन टिंबं. नट थांबलाय का विसरलाय, हे ओळखणं म्हणजे प्रॉम्प्टरची सगळी विद्या, असं ते म्हणत. घाई करून वाक्य पुरवलं तर थांबण्याची मजा गेली, उशीर केला तर नट बुडाला.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका ऐतिहासिक नाटकात मला दूताचं काम मिळालं. एकच वाक्य होतं. "महाराज, शत्रूचं सैन्य वेशीपाशी आलं आहे." मी ते आठवडाभर घरात, गच्चीवर, न्हाणीघरात घोकलं. तालमीत छाती काढून खणखणीत म्हटलं. सगळे वा वा म्हणाले. आजोबा काही बोलले नाहीत. घरी येताना गणपतीच्या देवळापाशी त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे असतं रे तेव्हा?"

मला प्रश्नच कळला नाही. दूताला काय पाहिजे असणार? निरोप सांगायचा आणि जायचं.

"वेशीपासून पळत आलायस न्हवं? उन्हाचं? घसा कोरडा पडलेला असतो बाळ. दूताला पाणी पाहिजे असतं. पण महाराजांच्या समोर पाणी कसं मागणार? म्हणून तो निरोप सांगतो."

प्रयोगाच्या दिवशी मी धापा टाकत गेलो. महाराजांच्या आसनाशेजारी चौरंगावर तांब्या-भांडं ठेवलेलं होतं. वाक्य म्हणताना माझी नजर तिकडे गेली, "वेशीपाशी" म्हणताना तर तिथून हललीच नाही. महाराजांचं काम करणारे गृहस्थ कापडाच्या दुकानात होते, मोठे कलावंत वगैरे नव्हेत. त्यांनी काय केलं, तांब्या उचलला, भांड्यात पाणी ओतलं, माझ्या हातात दिलं आणि मग सेनापतीकडे वळून आपलं वाक्य म्हटलं. वहीत हे कुठेच नव्हतं. विंगेत आजोबांची पेन्सिल खाली पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. प्रेक्षागृह एकदम गप्प झालं. राजा कसा आहे हे लोकांना त्या भांडंभर पाण्यात कळलं होतं. शत्रूच्या सैन्याचं कुणाला काही पडलं नव्हतं, पण आता ह्या राजाचं काय होणार ह्याचं पडलं होतं.

भाच्याच्या गेममधले सगळे दूत आहेत. राणीसुद्धा दूतच. आणि त्यातल्या एकालाही तहान लागलेली नाही.

मी पोटापाण्यासाठी हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. दिवाणजी म्हणतात आम्हाला, अजूनही. हंगामात यार्डात पिवळ्या धुरळ्याने भिंती, खुर्च्या, चहाचे कप, हिशेबाच्या वह्या सगळं एका रंगाचं होतं. तिथे जे कानावर पडतं ते मी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशेजारी ठेवून बघितलं. एका सकाळी एक जुना गिऱ्हाईक येऊन पायरीवर बसला. त्याची पोती आदल्या रात्रीच उतरली होती. शेठ गादीवर.

"लवकर लागला यंदा उन्हाळा."

"तर काय. पाणी हाय का हिरीला?"

"हाय आपलं, चार बोटं." मग बराच वेळ काही नाही. "च्या नको. आत्ताच झालाय."

"धाकटी काय करती? बारावी झाली न्हवं?"

"झाली की." पुन्हा थांबणं. "बघून गेली परवा माणसं."

"कुठली?"

"तासगावकडची."

"बरी हायती?"

"बरी हायती म्हणायची." टोपी काढून झटकली, परत घातली. "सौद्याला कवा लावताय माल?"

"बुधवारी लावू."

"बुधवारी व्हय."

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवाणजी, ह्यांच्या नावावर उचल किती हाय, बघा जरा."

त्या माणसाने पैसे हा शब्द उच्चारला नव्हता. लग्न हाही नाही. बुधवारपर्यंत थांबता येणार नाही, हेही बोलला नव्हता, फक्त "बुधवारी व्हय" एवढंच. शेठनीही "देतो" म्हटलं नाही. पण मी वही उघडली तेव्हा दोघांचंही ठरलेलं होतं. इतकं झाल्यावर तो चहा प्याला, आधी नको म्हटलेला.

आता हाच माणूस गेमवाल्यांच्या हाती दिला तर? "हे अडत्या, माझ्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत आहे. मला बुधवारपूर्वी चाळीस हजार रुपये हवेत. माझी हळद तुझ्या गोदामात आहे." माहिती तेवढीच, उलट एक आकडा जास्त. गेलं काय, तर तो टोपी झटकणारा माणूस. कारण लाज गेली. ज्याला काही लपवायचं नाही आणि काही मागायचं नाही, त्याच्या बोलण्यात जीव कुठून येणार?

भाच्याचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी उडवून लावणार नाही. "मामा, नाटकात प्रेक्षक गप बसलेला असतो. इथं त्याच्या हातात तलवार असती. तो म्हाताऱ्याचं ऐकून न घेताच निघून गेला तर त्याला गुहा सापडणार कशी? आणि चार दिवसांनी परत खेळायला बसला तर आठवणार कसं?" मग त्याने मला ह्या कामाची आतली बाजू समजावली. गेमचे संवाद पुष्कळदा नाटकासारखे सलग लिहिलेच जात नाहीत. लांबच लांब तक्ता असतो, प्रत्येक वाक्य एका ओळीत, त्याला क्रमांक. आवाज देणारा नट बहुतेक वेळा काचेच्या खोलीत एकटा. समोरच्या पात्राचा नट दुसऱ्या दिवशी, कदाचित दुसऱ्या गावात. त्याने "थांब!" म्हणायचं, पण कोण चाललंय आणि कुठे, हे त्याला दिसत नाही. आजोबांना हे ऐकवलं असतं तर त्यांनी पेन्सिल कानावर खोचून नमस्कार केला असता.

त्यात पर्यायांचं गणित. खेळणाऱ्याला प्रत्येक वेळी तीन उत्तरांतलं एक निवडता येत असेल आणि असं पाचदा झालं, तर दोनशे त्रेचाळीस वाटा होतात. इतक्या वाटा लिहायच्या कुणी आणि आवाज देऊन नोंदवायच्या कुणी? म्हणून लेखक त्या वाटा दोन पावलांवर गुपचूप परत एकत्र आणतो. तुम्ही "हो" म्हणा, "बघू" म्हणा, नाहीतर "मला काय त्याचं" म्हणा, म्हातारा एकच उत्तर देतो. "मला ठाऊक होतं, तू नाही म्हणणार नाहीस!" आम्ही मुद्दाम तिन्ही दाबून बघितली. तिसऱ्या उत्तरालाही तो तितक्याच गहिवराने आभारी झाला. आमच्याकडच्या काही सोयरिकी अशाच ठरतात, ते सोडा.

आणखी एक अडचण म्हणजे लेखक पुष्कळदा उशिरा येतो. गुहा बांधून तयार, राक्षस तयार, पूल कोसळण्याची करामत तयार, आता कुणीतरी ह्या पुलावरून का जावं तेवढं लिहून द्या. सेट आधी आणि नाटक मागाहून. अशा वेळी तो बापडा काय लिहिणार? मुलगी पळवून नेली, एवढंच सुचतं.

खलनायकाचं वेगळंच. चौदाव्या की पंधराव्या दिवशी तो प्रथम समोर आला. आठ फूट उंच, शिंगं, डोळ्यांतून लाल धूर. दोन्ही हात पसरून म्हणाला, "मूर्खा! तू मला थांबवशील? अंधार अनंत आहे! सारं जग माझ्या पायाशी लोळेल!" मी मराठी करता करता थांबलो, कारण हे मराठी आधीच केलेलं होतं. आमच्याच गावात.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं, ते इथे, सांगलीत. त्याच्याच नावाने पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो. त्या वेळच्या खेळांची रीत अशी की गोष्ट सांगायचं काम सूत्रधाराकडे. तो आणि त्याचे साथीदार पदं म्हणत कथा पुढे नेणार, आणि पात्रांनी त्या पदाला धरून आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. संवाद असे लिहिलेलेच नसत. राक्षस आला की राळेचा भडका, मशाली, रंगवलेली तोंडं आणि आरोळ्या. "अलल डुर्र" अशा त्या आरोळ्यांवरून पुढे पुढे ह्या नाटकांना अललडुर्र नाटकंच म्हणू लागले. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, कळसूत्री. भाच्याला ते सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे एनपीसी." गेममधली जी पात्रं खेळणारा चालवत नाही, ती.

अललडुर्र हा शब्द त्याला इतका आवडला की हेडफोन लावून मित्रांबरोबर खेळताना तो आता ओरडतो, "आला रे अललडुर्र, स्किप मार!" मला त्यात भाव्यांवर थोडा अन्याय वाटतो. त्यांच्या वेळी ते सगळं नवं होतं. मशालीच्या उजेडात, राळेच्या धुरात खरा जिवंत माणूस किंचाळत अंगावर आला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदराआड जात असणार. शिवाय गोष्ट सूत्रधाराने आधीच सांभाळलेली, त्यामुळे राक्षसाने नुसतं ओरडलं तरी चालत होतं. आणि नीट बघितलं तर गेममध्येही तेच चाललंय. गोष्ट सांगायला कोपऱ्यात यादी आहे, नकाशावर बाण आहे, तो सूत्रधार. मग पात्रांकडे उरतं काय? आरोळी.

पण ह्याच पंचक्रोशीत पुढे काय झालं ते बघा. हरिपूर सांगलीला इतकं लागून की संध्याकाळी फिरायला म्हणून चालत जावं, जिथे वारणा कृष्णेला मिळते. तिथले गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'शारदा' १८९९ चं. भाव्यांपासून छप्पन्न वर्षांत राक्षस नाहीसा झाला होता. एक म्हातारा लग्नाला निघालाय, एक बाप पैशासाठी मुलगी द्यायला निघालाय आणि एक मध्यस्थ दोघांना गोड बोलून हे जमवतोय. शिंगं कुणालाच नाहीत. तरी त्या मुलीसाठी जीव घाबरा होतो. आणि खाडिलकर, तेही सांगलीचेच, त्यांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' लिहिलं तेव्हा तर राक्षसी खलनायक परत आणला, महाभारतातलाच. पण आता कीचक बोलायचा आणि प्रेक्षकांना व्हाइसरॉय कर्झन ऐकू यायचा. सरकारलाही ऐकू आला, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तोंडाने एक आणि कानाला दुसरं! "अंधार अनंत आहे" म्हणणाऱ्या आमच्या आठफुटी गृहस्थावर कुठलं सरकार बंदी घालेल?

मी हे असं हिशेबाने मांडू लागलो की गेम अजून लहान आहेत, त्यांचा देवल यायचाय. भाच्याने तिथेच अडवलं. म्हणाला, येऊन गेलाय. आणि त्याने मला २०१५ चा 'द विचर ३' दाखवला, त्यातला तो सरदार. ढेरपोट्या, दारूडा, दाढीवाला. तोही तेच सांगतो, बायको आणि मुलगी नाहीशी झालीय, शोधून दे. म्हणजे आमच्या गव्हाच्या शेतातल्या म्हाताऱ्याचंच गाऱ्हाणं. पण तुम्ही त्याच्या घरात शोधायला लागता आणि कळतं की हा अर्धं सांगतोय. बायकोला तो मारायचा. त्या पळवल्या गेल्या नाहीत, ह्याच्यापासून पळाल्यात. आणि हे कळल्यावरही त्याचा राग पुरता करता येत नाही, कारण पश्चात्तापाने तो आतून पोखरलाय आणि ते त्याला सरळ बोलताही येत नाही. मी भडंग खायचा विसरलो. आमच्या पायरीवरचा माणूस होता तो, फक्त वाईट. लाजेच्या मागे मुलीचं लग्न नव्हे, पाप होतं. राक्षस त्यातही आहेत, जादूही आहे. त्यांची काही अडचण होत नाही.

२०१९ चा 'डिस्को एलिसियम' तर दहा लाखांहून जास्त शब्दांचा, असं भाचा म्हणाला. लढाया जवळजवळ नाहीतच, नुसतं बोलणं. त्यातल्या पोलिसाच्या डोक्यात त्याचे स्वतःचेच गुण आणि खोडी एकमेकांशी भांडतात. तो मी थोडाच बघितला, माझं इंग्रजी त्याला पुरं पडेना.

मला मात्र सगळ्यात गंमत वाटली ती २०११ च्या 'स्कायरिम'मधल्या पहारेकऱ्याची. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, मीही तुझ्यासारखाच मोहिमांवर हिंडायचो, मग गुडघ्यात बाण बसला. जगभर ह्या वाक्याची टिंगल झाली म्हणे. पण पहिल्यांदा ऐका ते! एका ओळीत अख्खं आयुष्य आहे. वेशीवर भाला धरून उभा राहिलेला, दुसऱ्याचा उत्साह बघून पोटात कळ येणारा माणूस आहे. आजोबांनी त्याला पास केला असता. घात झाला तो पुढच्या गावच्या पहारेकऱ्यानेही तेच म्हटलं म्हणून, आणि त्याच्या पुढच्यानेही. एकाच गावात सगळ्यांचे गुडघे गेलेले!

गुहेचं राहिलंच. पन्नास सुवर्णमुद्रांसाठी आम्ही त्या काळ्या गुहेत गेलो. हजार वर्षं बंद असलेली म्हणे, आणि आत दोन्ही बाजूंना मशाली जळत होत्या. भाच्याला त्यात विशेष वाटलं नाही. मी हळदीतला माणूस. हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं होती, पोतीच्या पोती रिचवणारी, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा ठेवणारी. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी गेली. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. आधी तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर आज उतरायचं नाही. आमच्या दुकानात एक म्हातारा हमाल होता, पूर्वी पेवात उतरायचा. तो कधीही, कुठल्याही अंधाऱ्या खोलीत शिरताना उंबऱ्यावर एक क्षण थांबायचा. सिनेमाच्या थिएटरातसुद्धा. का, ते विचारावं लागत नव्हतं.

ह्या जातीच्या गेमांची सुरुवात, असं म्हणतात, १९७६ मध्ये विल क्राउदरच्या 'कोलॉसल केव्ह'पासून झाली. तीही गुहाच. चित्र एकही नाही, पडद्यावर नुसते शब्द. पण तो माणूस स्वतः गुहांत हिंडणारा. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ केव्हचा काही भाग त्याने पायाखाली घातलेला, तीच गुहा त्याने शब्दांत उतरवली. आमच्या गेममधल्या गुहेत प्रत्येक दगडावरचं शेवाळ दिसतं. ती बांधणाऱ्याला उंबऱ्यावर थांबावंसं मात्र कधी वाटलेलं दिसत नाही.

सगळ्यात जास्त मला खटकली ती त्या गावातल्या लोकांची भीती. प्रलय येतोय, अशी कथा. चौकातली बाई छाती पिटून ओरडते, "सारं संपणार! अंधार जवळ आला!" तिच्या शेजारी लोहार निवांत घण मारतोय. आम्ही दोन दिवस नदीवर मासे पकडत बसलो, प्रलय आमच्यासाठी थांबून राहिला. ह्या विसंगतीला क्लिंट हॉकिंग नावाच्या गेम बनवणाऱ्याने २००७ मध्ये लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स असं जड नाव दिलंय, भाच्याने मला ते तीनदा म्हणून दाखवलं. गोष्ट सांगते एक आणि खेळ करू देतो दुसरंच. असेल. मला त्याच्याही आधी ती बाई खोटी वाटत होती. खरोखर बुडायची पाळी येते तेव्हा माणसं असं बोलत नाहीत, आणि हे मी सांगलीत राहून नाही सांगणार तर कुणी सांगायचं?

इथे पाणी चढू लागलं की एकच वाक्य ऐकू येतं. "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळिसाला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्नच्या वर गेली होती. त्या दिवसांत "महापूर" हा शब्द टीव्हीवाले वापरत होते. गल्लीत कुणी वापरत नव्हतं. "आयर्विनला किती?" "त्रेचाळीस." "कोयनेतनं सोडलंय का?" "सोडलंय म्हणं." इतकं बोलून माणूस घरात शिरायचा आणि गॅसची टाकी वर न्यायला लागायचा. आमच्या शेजारच्या काकू आकडा ऐकून काहीच बोलल्या नाहीत, फक्त देव्हाऱ्यातले देव एकेक करून पदराच्या ओच्यात घेतले. नंतर बोटीत बसताना त्यांनी नावाड्याला विचारलं, "परत कवा येताय, दूध उतू जाऊन गॅस विझला का बंद केला, मला आठवंना." घरात छातीभर पाणी होतं तेव्हा. मी हसलो होतो. मग रात्रभर झोप लागली नाही.

जुलैच्या त्या शेवटच्या आठवड्यात भाचा गेमच्या शेवटाला पोचला. शिंगवाला पुन्हा आला, ह्या वेळी आकाशाएवढा, आणि मोठं भाषण सुरू झालं. मी मराठी करायला सरसावलो. इतक्यात खाली जिन्यात चपलांचा आवाज आला आणि समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा वर न येताच ओरडला, "दिवाणजी, आयर्विनला अडतीस!"

मी काही बोलायच्या आत भाच्याने गेम थांबवला. राक्षस तोंड वासून तसाच राहिला. भाचा उठला, लॅपटॉपची वायर काढून गुंडाळली, खिडकीतून एकदा बाहेर बघितलं.

"मामा, यार्डातली रिकामी पोती कुठं ठेवलीयत?"

"जिन्याखाली."

"फ्रीज आधी का कपाट?"

"आजोबांची पेटी आधी," मी म्हणालो. त्यात त्यांच्या वह्या आहेत. तो खाली गेला. पाणी त्या वेळी एकोणचाळिसावर थांबलं, गल्लीपर्यंत आलंच नाही. फ्रीज मात्र तीन दिवस जिन्याच्या वळणावर अडकून होता आणि वर-खाली करणारा प्रत्येकजण त्याच्यापाशी अंग चोरताना विचारत होता, "आज किती?"